पिपरडोहचा फोन

फोन वाजला आणि सिंधूताईंनी माउसवरचा हात काढून घेतला.

लॅपटॉपच्या पडद्यावर पिपरडोह खाणीच्या तोंडाशी असलेली टेलिफोनची खोली होती. टेबल, लोखंडी कपाट, खिडकीबाहेर गेटला धरून उभ्या असलेल्या बायका, आणि टेबलावर तो काळा फोन. त्याची लाईन खाली खाणीत जायची.

"उचला ना," मी म्हटलं. "फोनवर नेऊन बटण दाबा."

"कोन हाय?"

"उचलल्याशिवाय कसं कळेल?"

खाणीच्या कॉलनीतल्या समाजमंदिरात आम्ही कॅरमच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला होता. भोवती दहा-पंधरा बाया. या गेमसाठी ज्यांनी मला आपापल्या आठवणी सांगितल्या होत्या, त्यांना तो आधी दाखवायचा, असं मी आणि झुबेरनं ठरवलं होतं. बाकीच्या बायांनी थोडं थोडं खेळून पाहिलं, हसल्या, पदर तोंडाला लावून मागे सरल्या. सिंधूताई मात्र फोनपर्यंत पोचल्या होत्या.

त्यांनी बटण दाबलं. हेडफोनमधून काय ऐकू येतंय ते मला पाठ होतं. आधी खरखर, मग घसा खाकरल्याचा आवाज, मग, "हॅलो. वरती कोन हाय? पानी कमरेपर्यंत आलं."

सिंधूताईंनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरला. पडद्यावर उत्तरं आली होती, त्यातलं एक निवडायचं होतं. त्यांनी काहीच निवडलं नाही. आवाज संपला. मग हेडफोन काढून त्या माझ्याकडे वळल्या.

"वाजला होता का फोन?"

"नाही ताई. ते मी मनानं लिहिलंय."

"मनानं कसं?"

"गोष्ट म्हणून. खरं तसं काही झालं नव्हतं."

"मंग तो बोलाच्या आधी खाकरते कसा?" त्या म्हणाल्या. "मारोती तसाच खाकरे. हॅलो म्हनाच्या आधी. हे मी तुमाले सांगतलं नव्हतं."

त्यांनी खरंच सांगितलं नव्हतं. तो आवाज नागपूरच्या एका नाटकवाल्या मुलाचा होता. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याला सर्दी झाली होती, आणि खाकरणं झुबेरला आवडलं म्हणून त्यानं ठेवून दिलं होतं. झुबेरनं तसं समजावून सांगितलं. सिंधूताईंनी ते ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"तुमाले कोनीतरी सांगतलं हाय," त्या म्हणाल्या. "नाव नसन सांगाचं, तर नका सांगू."

गेमचं नाव 'पहिली पाळी'. खेळणारा माणूस त्या खोलीतला टेलिफोन ऑपरेटर असतो. सकाळच्या पाळीला जुन्या, बंद पडलेल्या खाणीची भिंत फुटून पाणी आत शिरलंय. वर साहेबांनी गेटवरच्या लोकांना सांगून टाकलंय की खाली कोणी जिवंत नाही. आणि मग फोन वाजतो. साहेब म्हणतात, बाहेर बोलायचं नाही. बोलायचं की नाही ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. काहीही ठरवलं तरी खालचा माणूस वर येत नाही.

तोवर मी दुसऱ्यांच्या गेमसाठी लिहून पोट भरत होते. रमीच्या अॅपमध्ये जिंकणाऱ्याला द्यायच्या शाबासक्या लिहिल्या, परदेशातल्या एका कंपनीसाठी बोलणारे ड्रॅगन लिहिले. झुबेर चित्रं आणि कोडिंग करायचा. नागपुरात मोमिनपुऱ्यातल्या त्याच्या घराच्या वरच्या खोलीत आम्ही दोघंच बसायचो. 'पहिली पाळी' हे आमचं पहिलं स्वतःचं काम. पिपरडोहचं पाणी मी लहानपणी ऐकलेलं होतं. माझे बाबा तेव्हा कॉलनीच्या शाळेत शिक्षक होते, आणि त्यानंतर किती तरी दिवस माझ्या वर्गातली काही मुलं शाळेत आली नव्हती. परदेशातल्या एका छोट्या प्रकाशकानं गेम घेतला होता. तारीख ठरली होती. फोनचा प्रसंग पाहूनच त्यांनी होकार दिला होता.

त्या दिवशी गाडीत झुबेर खूश होता. "पाहिलंस? त्यांना खरं वाटलं. याहून मोठी दाद कोणती?"

मला ती दाद वाटली नाही.

सिंधूताईंचा नवरा मारोती ताजणे त्या पाळीला खाणीत उतरला होता की नाही, हेच कधी ठरलं नव्हतं. खाली जाताना प्रत्येकजण आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा. मारोतीचा बिल्ला त्या दिवशी खिळ्याला नव्हता. बाकीच्यांची प्रेतं पुढे पाणी उपसल्यावर मिळाली, ओळखता आली नाहीत तरी बिल्ल्यांइतकी मिळाली. मारोतीचं काहीच मिळालं नाही. कोणी म्हणालं, घाईत बिल्ला लावायला विसरला असेल. कोणी म्हणालं, तो त्या सकाळी कामावर गेलाच नाही, तेलंगणात पळून गेला, तिकडे त्याची बाई होती. असं बोलणाऱ्यांत त्याची आईही होती. मुलगा पळून गेला म्हणजे निदान जिवंत आहे, एवढंच तिला हवं होतं. तिनं सुनेचं कुंकू पुसू दिलं नाही. ती म्हातारी मरेपर्यंत रोज संध्याकाळी दारात बसायची, आणि सिंधूताई तिच्या मागे उभ्या राहायच्या, कपाळभर कुंकू लावून.

पुढे महिनाभरात त्यांचे मला बरेच फोन आले. सुरुवातीला नुसतंच, "गेम कवा येते?" मग एक दिवस म्हणाल्या, "आमी नानाजीच्या घरी गेलतो."

"कोण नानाजी?"

"नानाजी येरगुडे. त्या खोलीत तोच होता ना, फोनवर. दार नाही उघडलं त्यानं. उघडन कसा? पोरायनं दगडं मारले त्याच्या खिडकीवर."

मी ऑपरेटरला देवराव असं नाव दिलं होतं. खरा ऑपरेटर कोण होता, हे मी शोधलंच नव्हतं. मला वाटलं होतं, असेल कोणी, वारलाही असेल.

दोन दिवसांनी तो माणूस आमच्या खोलीच्या जिन्यावर उभा होता. धुवट पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी, एका डोळ्यावर ऑपरेशननंतरचा हिरवा चष्मा. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मी नानाजी येरगुडे. तुम्ही माझ्यावर काहीतरी केलंय म्हणतात. मला दाखवा."

झुबेर खाली गेला होता. मी लॅपटॉप उघडून दिला. त्यांना माउस जमेना, म्हणून ते सांगतील तसं मी खेळत गेले. खोली पाहून ते थोडे पुढे झुकले. "कपाट दुसऱ्या बाजूला होतं," म्हणाले. मग फोन वाजला. मी उचलला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. साहेबांचा हुकूम आला, बाहेर बोलायचं नाही.

"बंद करा," ते म्हणाले.

मी बंद केलं.

"तो माणूस तुम्ही नाही आहात काका. ते एक पात्र आहे. नावसुद्धा वेगळं आहे."

"त्या खोलीत एकच माणूस होता, बाई. नाव बदलल्यानं काय होते?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझी बायको पाणी भरायला गेली तर नळावरून बाया उठून गेल्या. माझा नातू शाळेत जात नाही. मी फोन उचलला आणि गप्प बसलो, असं म्हणतात."

"मी त्यांना सांगितलंय, की फोन वाजल्याचं मी मनानं लिहिलं."

"नाही वाजला." ते आता बसले. "सकाळी पाणी शिरल्याचं कळलं तेव्हापासून दुसऱ्या दिवशी मला उठवून नेलं तोवर मी त्या फोनसमोर होतो. जेवलो नाही. लघवीलाही दार उघडं ठेवून जात होतो, न जाणो वाजला तर. मधे मधे रिसीव्हर उचलून पाहत होतो, लाईन चालू आहे का. चालू होती. आतून पाण्यासारखा आवाज येत होता, का तो माझ्या कानातलाच होता, देव जाणे. मी हॅलो हॅलो म्हणत होतो. कोणीच बोललं नाही. तुम्ही जे लिहिलं ना, ते व्हावं म्हणून मी बसलो होतो तिथं."

मी लॅपटॉप मिटला.

"चला माझ्यासंगं," ते म्हणाले. "सिंधूला माझ्यासमोर सांगा. तिनं मानलं, की कॉलनी मानते."

झुबेर आल्यावर मी त्याला इतकंच सांगितलं, की फोनचा प्रसंग काढून टाकावा लागेल.

"फोन काढला तर उरलं काय?" तो म्हणाला. "एक माणूस खोलीत बसून राहतो. हा गेम आहे?"

"हो," मी म्हटलं. "तसंच झालं होतं."

"केतकी, तो प्रसंग गेला की प्रकाशक गेला. परत रमीच्या शाबासक्या लिहायच्यात तुला?"

"लिहीन."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग नानाजींकडे बघितलं आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून बसला.

आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी सिंधूताईंच्या क्वार्टरवर पोचलो. नानाजींना दारात बघून त्या क्षणभर थबकल्या, पण आत या म्हणाल्या. शेजारच्या दोघीतिघी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. सिंधूताईंनी चहा टाकला. घरी आलेल्या माणसाला चहा विचारल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे.

मी सुरुवात केली. फोन कसा सुचला, आवाज कोणाचा, ते खाकरणं कसं राहून गेलं, सगळं पुन्हा सांगितलं. सिंधूताई चहा गाळत ऐकत होत्या.

"झालं तुमचं?" त्या म्हणाल्या.

"झालं."

"मंग आता माहं आयका." कप नानाजींच्या पुढे ठेवून त्या जमिनीवर बसल्या. "माह्या पोरीच्या लग्नाच्या पत्रिकेत बापाच्या नावाआधी कै. लिहाचं का नाही, यावर मांडवात भांडन झालं. सासू म्हने, लिहाल तर मी जीव देईन. नाही लिहिलं. मंग व्याही म्हनाले, बाप जिता हाय त कन्यादानाले काहून नाही? माह्या पोरीले सासरी अजून म्हनतात, तुहा बाप बाई घेऊन पळाला. मी संक्रांतीले वान द्याले जातो, त बाया घ्यावं का नाही म्हनून एकमेकीकडं पायतात. विधवा बायकांत बसली, त त्या म्हनतात, तुह्या कपाळी कुंकू हाय. मी कोन हाय, नानाजी? इतके वरस मी कोन हाय?"

त्या नानाजींच्या समोर सरकल्या.

"मले पैसा नाही पायजे. कोनाले फासावर नाही द्याचं. तो खाली होता का, एवढंच सांगा. तुमी त्या खोलीत होते. वाजला होता का फोन?"

मी नानाजींकडे बघितलं. ज्या उत्तरासाठी ते मला घेऊन आले होते, ते एका शब्दाचं होतं. ते सिंधूताईंकडे बघत होते. त्यांनी हिरवा चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत घातला.

"वाजला होता," ते म्हणाले.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चूक झाली.

"कोन होतं?" सिंधूताईंचा आवाज एकदम बारीक झाला.

"मारोती."

"वळखला तुमी?"

"रोज बोलत होतो त्याच्याशी. ओळखणार नाही?"

"काय म्हनला?"

"पाणी किती चढलं ते सांगत होता." नानाजी थांबले. "मग म्हणाला, घरी सांगा."

"काय सांगा?"

"तेवढंच. घरी सांगा, म्हणाला, अन् लाईन गेली."

सिंधूताई रडल्या नाहीत.

"अन् तुमी सांगतलं नाही."

"नाही."

"काहून?"

"भेलो," नानाजी म्हणाले.

त्या उठल्या. नानाजींच्या पुढचा न प्यालेला चहाचा कप त्यांनी उचलला, मोरीपाशी नेला आणि ओतून दिला. मग नळ सोडला. आम्हाला पाठ करून बराच वेळ त्या तोंड धूत होत्या. वळल्या तेव्हा कपाळ मोकळं होतं. कुंकवाच्या जागी कातडी जरा फिकी दिसत होती. दारातली एक बाई हंबरडा फोडून रडायला लागली, आणि मग सगळ्याच. ते रडणं इतक्या वर्षांनी मारोतीसाठी होतं. सिंधूताईंनी नानाजींकडे न बघता म्हटलं, "जा आता तुमी. माह्या दारात पाय नका ठेवू."

बाहेर पडलो तोवर कॉलनीत बातमी गेली होती. ओट्यांवरून माणसं उठून उभी राहिली होती. एक म्हातारा नानाजींच्या वाटेत थुंकला. स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. नानाजी पुढे, मी मागे. बस लागायची होती. बाकावर बसल्यावर मला राहवलं नाही.

"काका, असं का केलंत?"

"तुमच्या लक्षात नाही आलं?"

"मारोती खाली होता की नव्हता, हे तुम्हाला तरी माहीत आहे का?"

"नाही."

"मग पळून गेला असेल तर? जिवंत असेल तर?"

"असला तर असो," ते म्हणाले. "तो जिता असून इतकी वर्षं आला नाही, तर मेलेलाच बरा. तिला एक काहीतरी होऊ द्या."

"आणि तुम्ही?"

त्यांनी हात हलवला, माशी हाकलावी तसा. "माझ्याकडे बघून बाया नळावरून उठतच होत्या. खरं सांगितलं असतं तरी तिनं मानलं नसतं. मग निदान कोणाच्या तरी कामी येऊ दे." बस आली. मी उठले. त्यांनी माझ्या पिशवीचा बंद धरला.

"एक करा. तो फोन आता काढू नका. ठेवा जसाच्या तसा. तुम्ही काढला, तर मी खोटा पडीन."

गेम ठरलेल्या तारखेला आला, फोनसकट. झुबेरला मी इतकंच सांगितलं, की नानाजींनी कबूल केलं, फोन वाजला होता. तो म्हणाला, "म्हणजे आपण नकळत खरं लिहिलं!" पुढे कित्येक व्यासपीठांवर तो हे सांगत राहिला, आणि सांगताना दर वेळी त्याचे डोळे भरून यायचे. लोकांनाही तोच प्रसंग आवडला. त्यावर लेख आले, बक्षिसं मिळाली. माझं पुढचं सगळं काम त्या फोनमुळे मिळालं. मुलाखतीत विचारायचे, हे खरोखर घडलंय का? मी म्हणायचे, त्या कॉलनीत तसं सांगतात. त्यात खोटं काही नव्हतं.

मारोतीचे दिवस घातले गेले. खाणीत मेलेल्यांच्या नावांचा जो दगड होता, त्यावर त्याचंही नाव कोरलं गेलं. सिंधूताईंच्या लेकीला सासरी कोणी टोचून बोलेनासं झालं, असं त्यांनीच मला कळवलं. नानाजींचा मुलगा बायकापोरांना घेऊन वणीला राहायला गेला. नानाजी तिथंच राहिले. दर वर्षी दगडापाशी हार घालायला सगळी कॉलनी जमायची, तेव्हा ते घराचं दार लावून घ्यायचे. मी अधूनमधून त्यांच्याकडे जात असे. आम्ही त्या विषयावर कधी बोललो नाही. ते मला भाताच्या वाणांबद्दल सांगायचे.

ते वारले, त्या दिवशी दुपारी मी कॉलनीत पोचले. घरी त्यांची बायको आणि मुलगा, दोघंच होती. तिरडीला खांदा द्यायला मुलगा वणीहून माणसं घेऊन आला होता. परतताना वाट सिंधूताईंच्या क्वार्टरवरून होती. त्या ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. खूप थकल्या होत्या. आता त्याही नाहीत, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

"कुठून आल्या?" त्यांनी विचारलं.

"नानाजींकडून."

त्यांनी सरकून मला जागा करून दिली. मी बसले. बराच वेळ त्या तांदळातून बोट फिरवत राहिल्या, खडा नसतानाही.

"मी नाही गेली," त्या म्हणाल्या. "कॉलनीतलं कोनीच नाही गेलं. सकाळी तिरडी माह्या दारावरूनच गेली. मी उठून आत गेली." मग माझ्याकडे मान वळवून म्हणाल्या, "तुमी शिकल्या-सवरल्या हा, ताई. सांगा. जाले पायजे होतं का मी?"

रस्त्यावरून कोळशाचा ट्रक जात होता. तो जाईपर्यंत मी थांबले.

"नाही," मी म्हटलं.

"हाव," सिंधूताई म्हणाल्या. "मलेबी तसंच वाटते."

आणि त्यांनी सूप पाखडायला उचललं.